आंबोलीत दिसणारा मोठा हिरवा बेडूक खरंच उडतो का? पावसाळा संपला की तो कुठे जातो?

पंख फडफडवून हवेत वर चढणं याला जमत नाही. उंच फांदीवरून उडी मारली की चारही पाय पसरतो आणि तिरका तरंगत खाली येतो, एवढंच. नऊ ते बारा मीटरचं अंतर तो असं कापतो अशा नोंदी आहेत. हाताएवढाही नसलेल्या जिवाच्या मानाने हे फारच झालं.

हा मलबार ग्लायडिंग फ्रॉग, शास्त्रीय नाव ऱ्हाकोफोरस मलबारिकस. ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञ जर्डनने 1870 साली त्याचं वर्णन केलं. जगात फक्त पश्चिम घाटात सापडतो. मोठी मादी दहा सेंटिमीटरच्या आसपास भरते, नर बराच लहान असतो. पाठ कोवळ्या पानासारखी हिरवी आणि बोटांमधले पडदे भडक केशरी-लाल. दिवसा पाय पोटाखाली घेऊन झोपला की हा लाल रंग पूर्ण झाकला जातो. मग तुम्ही त्याच झाडाखाली उभे राहून चहा प्यायलात तरी तो दिसायचा नाही.

तरंगण्याचं काम हेच पडदे करतात. इतर बेडकांना पडदे बहुतेक मागच्या पायांनाच असतात, याच्या पुढच्या बोटांमध्येही ते भरपूर आहेत. शिवाय हातापायांच्या कडेने कातडीची झालर. बोटांच्या टोकांना चपट्या गाद्या असतात, त्या ओलसर चिकटपणामुळे गुळगुळीत पानालाही धरून राहतात.

पण खरं सांगू? उडण्याचं कौतुक जरा जास्तच होतं. मला विचाराल तर याची खरी करामत अंडी घालण्यात आहे.

पाऊस लागला की रात्री नर डबक्यावर झुकलेल्या फांद्यांवर बसून टक-टक-टक असा आवाज करतात. मादी येते, नर तिच्या पाठीवर बसतो. ती एक द्रव सोडते आणि ताक घुसळावं तसा मागच्या पायांनी त्याचा फेस करते. अंडी त्या फेसातच. मग आजूबाजूची पानं पायांनी ओढून त्याला चिकटवते. फेस बाहेरून सुकतो, आत ओल टिकते. पाण्यातले मासे आणि चतुराच्या अळ्या अंड्यांपर्यंत पोहोचत नाहीत. काही दिवसांनी फेस विरघळतो आणि टॅडपोल, म्हणजे बेडकाची शेपटीवाली पिल्लं, टपाटप खालच्या पाण्यात पडतात. म्हणजे जागा निवडताना खाली पाणी आहे आणि ते टिकणार आहे, हे दोन्ही जमून यावं लागतं. मध्येच पावसाने दडी मारली आणि डबकं आटलं, तर सगळी मेहनत चिखलात. सिमेंटच्या टाक्यांच्या भिंतीवरही अशी घरटी दिसतात. पांढरा गोळा बघून कुणीतरी घाण समजून काठीने काढून टाकतो, तेवढं कृपा करून करू नका.

आता दुसरा प्रश्न. तो जात कुठेच नाही. बाकीचे महिने उंच झाडांच्या पानांत काढतो, रात्री किडे खातो. वर्षभर तो तुमच्या डोक्यावरच असतो. खाली उतरतो तो जोडीदारासाठी आणि पाण्यासाठी, म्हणून आपल्याला पावसाळ्यातच भेटतो.

बघायचाच असेल तर जून-जुलैत, अंधार पडल्यावर, जाणत्या स्थानिक गाइडबरोबर जा. गोव्याच्या घाटाकडच्या जंगलांतही तो आहे. फोटोसाठी बेडूक उचलून 'चांगल्या' फांदीवर ठेवणारे आणि उडी मारावी म्हणून त्याला डिवचणारे महाभाग भेटतील, त्यांच्या नादी लागू नका. बेडकाची कातडी पाणी शोषते, तशीच तुमच्या हातावरचं डास पळवणारं मलमही शोषते.