गर्भात बाळाचा आतला कान कसा तयार होतो? सातव्या महिन्यातल्या ग्रहणामुळे तो अर्धवट राहू शकतो का?

ताई, नाही. ग्रहणाचा इथे काही संबंध नाही, आणि हे मी तुम्हाला बरं वाटावं म्हणून म्हणत नाही. कान तयार होण्याच्या तारखाच तसं सांगतात.

तुमचा प्रश्न इतरांसाठी थोडक्यात सांगते. बाळ पाच महिन्यांचं आहे. ओएई आणि नंतर बेरा, दोन्ही तपासण्यांत दोन्ही कानांनी कमी ऐकू येतं असं निघालं. सीटी स्कॅनमध्ये कोक्लियाचे, म्हणजे शंखाकृती नळीचे, अडीचऐवजी दीडच वेढे दिसले. ‘गर्भात वाढ मध्येच थांबली’ असं डॉक्टर म्हणाले, आणि सातव्या महिन्यात तुम्ही ग्रहणात बाहेर गेला होतात म्हणून घरचे तुम्हाला बोल लावतायत.

मी बडोद्यात प्राणिशास्त्र शिकवते, भ्रूणविज्ञान हा माझा विषय. उपचाराचं तुमचे डॉक्टर सांगतील. कान घडतो कसा, ते मी सांगते.

गर्भधारणेनंतर साधारण बाविसाव्या दिवशी, पाळी चुकून जेमतेम आठवडा झालेला असताना, मेंदूच्या मागच्या भागालगतच्या त्वचेचा एक ठिपका जाड होऊ लागतो. तो ठिपका आत दबतो, त्याची वाटी होते, आणि चौथ्या आठवड्याच्या अखेरीस वाटीचं तोंड मिटून पिशवी तयार होते. अख्खा अंतर्कर्ण, ऐकण्याचा भागही आणि तोल सांभाळणाराही, या एका पिशवीतून निघतो.

आमच्या प्रयोगशाळेत आम्ही तीन दिवस उबवलेलं कोंबडीचं अंडं वरून हलकेच कातरतो. सूक्ष्मदर्शकाखाली रक्तवाहिन्यांचं जाळं दिसतं, धडधडणारं हृदय दिसतं. मुलांची नजर आधी डोळ्यावर जाते, कारण तो मोठा आणि गडद. कान बोट ठेवून दाखवावा लागतो: मागच्या मेंदूला खेटून असलेली काचेसारखी पारदर्शक पिशवी, अर्ध्या मिलिमीटरहूनही लहान. एकदा दिसली की मुलं डोळा विसरतात.

त्या ठिपक्याला ‘तू कान हो’ हे कोण सांगतं? शेजारचे. मागचा मेंदू आणि खालच्या पेशी एफजीएफ नावाची प्रथिनं सोडतात. ती पोचली नाहीत तर तिथे साधी कातडीच राहते. उंदरांत एफजीएफ-३ आणि एफजीएफ-१० ही दोन्ही जनुकं काढून टाकली तर पिशवीच बनत नाही. माणसांतही एफजीएफ-३ च्या दोन्ही प्रती बिघडलेल्या असल्या तर अंतर्कर्ण अजिबात नसलेलं मूल जन्मू शकतं. हे २००७ मध्ये प्रसिद्ध झालं.

पिशवी झाली की तिला वरची बाजू कुठली आणि खालची कुठली, हे कळायला हवं. मेंदूच्या वरच्या कडेकडून विंट प्रथिनं येतात. त्यांच्या प्रभावाखालच्या भागातून तोल सांभाळणाऱ्या तीन अर्धवर्तुळाकार नळ्या होतात. खालून, पृष्ठरज्जू (भ्रूणाच्या पाठीतला आधाराचा दांडा, मज्जारज्जू नव्हे) आणि मेंदूच्या तळातून, सॉनिक हेजहॉग नावाचं प्रथिन येतं. तुमच्या बाळाच्या संदर्भात हे महत्त्वाचं, कारण कोक्लिया पिशवीच्या खालच्या टोकातून फुटते. हे प्रथिन नसलेल्या उंदरांत कोक्लिया तयारच होत नाही. ते मिळालं की टोक लांबत जातं, वळत जातं, आणि आठव्या ते दहाव्या आठवड्यात अडीच वेढे पुरे होतात.

म्हणजे तिसरा महिना संपण्याआधीच वेढ्यांचं काम आटोपलेलं असतं. दीड वेढ्यांची कोक्लिया १७९१ मध्ये इटलीतल्या कार्लो मोंदिनी यांनी एका कर्णबधिर मुलाच्या कानात पाहिली होती. अशी रचना म्हणजे वाढ सातव्या आठवड्याच्या सुमारास अडली, असं प्रचलित वर्गीकरणात मानतात. सातव्या आठवड्यात अडलेलं काम सातव्या महिन्यातलं ग्रहण कसं अडवणार? सासूबाईंना हा हिशेब शांतपणे मांडून दाखवा. मला वाटतं, त्यांनाही कुठेतरी कारण हवं आहे, म्हणून त्या ग्रहण धरून बसल्या आहेत.

वेढ्यांच्या आत ध्वनी पकडणाऱ्या केशपेशी असतात. एटोह-१ जनुक चालू झालेली पेशी केशपेशी होते आणि नॉच नावाच्या संकेताने लगतच्या पेशींना तसं होऊ देत नाही. त्या आधार देणाऱ्या पेशी होतात. पक्ष्यांत केशपेशी मेल्या तर आधारपेशींपासून नव्या बनतात. आपल्या कोक्लियात तसं होत नाही.

मग खरं कारण काय? पुष्कळदा जनुकीय. आई-वडील दोघांना नीट ऐकू येत असूनही दोघांकडे एकाच जनुकाची एकेक सदोष प्रत असू शकते, आणि बाळाच्या वाट्याला त्या दोन्ही येऊ शकतात. दीड वेढ्यांसोबत कानातली एक विशिष्ट नलिका रुंद असेल, तर एसएलसी२६ए४ हे जनुक आधी तपासतात. ‘मी काही खाल्लं-प्यायलं म्हणून?’ हेही तुम्ही विचारलंय. मुरुमांवरचं आयसोट्रेटिनॉइन हे औषध मात्र सुरुवातीच्या आठवड्यांत खरोखर घातक असतं, कारण ते अ जीवनसत्त्वापासून बनणाऱ्या संकेतात ढवळाढवळ करतं. ते घेतलं नसेल तर खाण्यापिण्याचा विचार डोक्यातून काढून टाका.

आता डॉक्टरांना विचारायच्या गोष्टी. कोक्लियाच्या आकाराइतकीच श्रवणचेता, म्हणजे कानातून मेंदूकडे जाणारी नस, आहे का आणि कशी आहे, हे महत्त्वाचं. ती एमआरआयमध्ये दिसते, आणि कोक्लिअर इम्प्लांटचा, म्हणजे शस्त्रक्रियेने कानात बसवायच्या ऐकण्याच्या उपकरणाचा, निर्णय बराचसा तिच्यावर असतो. वेढे कमी आहेत म्हणजे इम्प्लांट अशक्य, असं मुळीच नाही. अशा कानांत मेंदूज्वराचा धोका जास्त असतो, म्हणून न्यूमोकोकल लस राहिली असेल तर लगेच विचारा. वर सांगितलेली कानातली नलिका रुंद निघाली तर डोक्याला मार लागण्यापासून जपावं लागेल. बाळ मान धरायला किंवा बसायला उशीर करत असेल तर तेही सांगा, कारण तोलाचा भाग त्याच पिशवीतून आलेला आहे. आणि दुसऱ्या डॉक्टरांकडे जाल तेव्हा नुसता रिपोर्ट नेऊ नका, सीटीची सीडी सोबत न्या. शस्त्रक्रिया करणाऱ्यांना चित्रं स्वतः बघायची असतात.