१/३५ च्या टायगरवर झिमरिट करायला कोणती पुट्टी चांगली?

प्रश्न असा आहे: टायगर १ या जर्मन रणगाड्याचं १/३५ किट घेतलंय, त्यावर पुट्टीने झिमरिट (चुंबकी सुरुंग चिकटू नये म्हणून खऱ्या रणगाड्यावर दिलेला रेघारेघांचा गिलावा) करायचंय, तर पुट्टी कोणती, थर किती जाड आणि त्यापेक्षा तयार स्टिकर बरे का?

पुट्टीचं नाव आधी सांगितलं की लोक पुढचं वाचत नाहीत, म्हणून ते खाली. आधी तुमचा टायगर कुठल्या महिन्यातला आहे ते बघा. झिमरिटचा गिलावा १९४३ च्या उन्हाळ्याच्या अखेरीस सुरू झाला आणि सप्टेंबर १९४४ मध्ये बंद करण्याचा आदेश निघाला. ट्युनिशियातला टायगर कोरा, जुलै १९४३ मधल्या कुर्स्कच्या लढाईतला टायगरही कोरा. तरी कुर्स्कच्या खुणा लावलेले झिमरिटवाले टायगर दर प्रदर्शनात दिसतात आणि त्यांचं कौतुकही होतं.

आता जाडी. यावर माझे अनेकांशी खटके उडालेत आणि मी अजून तिथेच उभा आहे. बेरियम सल्फेट, पॉलिव्हिनाइल ॲसिटेट, झिंक सल्फाइड, पिवळी माती आणि लाकडाचा भुसा असं ते मिश्रण. कामगार थापीने लावायचे, दोन थरांत. जाडी काही मिलिमीटर. ५ मिलिमीटर धरा, १/३५ ला होतात ०.१४. तुम्ही मॉडेलवर अर्धा मिलिमीटर पुट्टी थापलीत तर खऱ्या गाडीवर साडेसतरा मिलिमीटरचा गिलावा झाला. 'जाड केलं नाही तर रंगाखाली बुजतं' हे उत्तर मला दर वेळी मिळतं. एअरब्रशने पातळ रंग दिला तर काही बुजत नाही. बुजतं ते ब्रशने तीन जाड हात दिल्यावर. आणि गिलावा जाड झाला की हॅचच्या कडा, बोल्टची डोकी, अवजारांचे क्लॅम्प सगळं आत बुडतं. हाताने ०.१४ साधणं कठीण, हे मान्य. पाव मिलिमीटरपर्यंत या, त्यापुढे जाऊ नका.

पाव मिलिमीटर कसा राखायचा? ०.२५ मिमी जाडीच्या स्टायरीन (किटचंच प्लास्टिक) पट्ट्या मिळतात. पत्र्याच्या वरच्या आणि खालच्या कडेला एकेक पट्टी टेपने तात्पुरती चिकटवा, मधे पुट्टी पसरा आणि दोन्ही पट्ट्यांवर टेकवून ओलं सरळ पातं ओढा. गवंडी भिंतीवर पट्टी मारतो तसंच. जास्तीची पुट्टी पात्यावर येते, थर सारखा राहतो. त्याआधी प्लास्टिक ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने खरबरीत करून साबणाच्या पाण्याने धुवा, नाहीतर सुकल्यावर अख्खा पापुद्रा नखाने निघतो.

यासाठी पुट्टी दोन घटकांची इपॉक्सीच हवी, म्हणजे मिलिपुट किंवा टामियाची इपॉक्सी. ट्यूबमधली टामियाची राखाडी पुट्टी इथे नको. तिच्यात द्रावक असतं, सुकताना ती आक्रसते आणि रेघा ओढायला वेळही देत नाही. वरचा थर कडक, आतला मऊ अशी राहिली तर मागाहून भेगा पडतात. मिलिपुटचे दोन्ही घटक अगदी समसमान घ्या आणि रंग एकजीव होईपर्यंत मळा, रेघा दिसता कामा नयेत. मळणं अर्धवट राहिलं की काही ठिकाणी ती रबरासारखी राहते आणि मग खरवडून काढण्यावाचून उपाय नाही. टायगरच्या एका बाजूच्या वरच्या पत्र्याला दोन्ही घटक मिळून तीन हरभऱ्यांएवढी पुट्टी पुरते. एका वेळी एकच बाजू घ्या.

पसरल्यावर लगेच रेघा ओढू नका. वीसेक मिनिटं थांबा, ती चामड्यासारखी झाली पाहिजे. ओली असताना अवजार थर उचलतं, फार थांबलात तर कडा तुटतात. टायगरवर छोट्या आडव्या रेघांचे उभे पट्टे असतात, एकाला लागून एक. त्यामुळे करवतीचं पातं एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ओढणं चूक. त्याने यंत्रातून निघाल्यासारखी सरळ रेघ येते. घड्याळजीचा १ मिमी रुंदीचा चपटा स्क्रू-ड्रायव्हर घ्या, टोक पाण्यात बुडवा आणि एकाखाली एक दाबत पट्टा संपवा. थोडं वेडंवाकडं होऊ द्या. पट्ट्याच्या रुंदीचा अंदाज हवा असेल तर फोटोत ट्रॅक मोजा: युद्धाचा रुंद ट्रॅक ७२५ मिमी, म्हणजे मॉडेलवर २०.७. पाणी मात्र बेताने. जास्त पाण्याने मिलिपुटचा चिखल होतो आणि सुकल्यावर वर पांढरट भुकटी दिसते.

तीन-चार तासांत ती कडक होते, तरी रंग दुसऱ्या दिवशीच द्या. झिमरिट उडालेलं दाखवायचं असेल तर पूर्ण कडक झाल्यावर पात्याच्या टोकाने टवके काढा आणि आत लाल प्रायमरचा रंग भरा. रोडव्हील, छत आणि ट्रॅक कोरेच ठेवा. चुंबकी सुरुंगाची भीती होती ती माणसाचा हात पोहोचेल अशा पत्र्यांना.

तुम्ही विचारलं नाहीत, तरी त्याच टायगरच्या मॅंटलेटबद्दल (तोफेच्या बुडाशी असलेली जाड ढाल) सांगतो, कारण तिथे लोक झिमरिट चोपडतात आणि खाली ओतीव पोलादाचा पोत असतो हे विसरतात. ओतीव आणि लाटलेलं हा फरक ज्याला कळत नाही त्याने पुट्टीला हात लावू नये, असं माझं मत आहे. शेरमन या अमेरिकी रणगाड्याचा बुरूज ओतीव. त्याच्या एम४ए१ प्रकाराचं अंगही ओतीव. पण साध्या एम४ चं अंग जोडकामाचं, तिथे सपाट पत्र्यावर खरबरीतपणा कशाला? टी-३४ या सोव्हिएत रणगाड्यात तर उरलमाश कारखान्याचा दाबून केलेला बुरूज आहे, तो गुळगुळीतच हवा, आणि त्यावर ठिपके मारलेली मॉडेलं मी पाहिलीत. अहिल्यानगरच्या रणगाडा संग्रहालयात जाता आलं तर पॅटन या अमेरिकी रणगाड्याच्या बुरुजावर तिरका उजेड कसा पडतो ते बघा. खडबडीतपणा किती बारीक असतो ते फोटोत कळत नाही.

हा ओतीव पोत मिस्टर सरफेसर ५०० ने (बाटलीतला दाट प्रायमर) करायचा. ब्रशने एक हात द्या, मिनिट-दोन मिनिटांत चिकट झाला की ताठ केसांच्या कापलेल्या जुन्या ब्रशने उभं टोचत जा. एका वेळी दोन-तीन सेंटीमीटरच. २४ तासांनी ६०० च्या पेपरने फक्त टोकं घासा, दऱ्या राहू द्या. न घासता रंगवलं तर संत्र्याची साल दिसते. टी-३४ च्या ओतीव बुरुजावर साच्याचा सांधा घासून काढू नका, तो खराच होता.

तयार स्टिकरचं विचारलंत. टामियाचे स्टिकर तिच्याच किटवर नेमके बसतात, जाडीही आटोक्यात असते. ज्याला वेळ नाही त्याने खुशाल वापरावेत. त्यांना कमी लेखणाऱ्यांशी माझं जमत नाही. फक्त टवके काढायचे असतील तर कडा कागदासारख्या दिसतात, तिथे पुट्टीच लागते.

भिंतीची पुट्टी स्टायरीनवर धरत नाही, ती डायोरामाच्या (मॉडेलभोवतीच्या देखाव्याच्या) जमिनीला ठेवा. एम-सील लवकर घट्ट होतं, एवढ्या रेघा मारायला अवधी मिळत नाही. इपॉक्सी मळताना हातमोजे घाला, घासताना मास्क लावा, आणि सरफेसर बंद खोलीत उघडू नका. वर सांगितलेलं सगळं १/३५ साठी आहे. १/७२ ला तोच गिलावा ०.०७ मिमी होतो, तिथे इपॉक्सी अजिबात नको, सरफेसरचा हात देऊन ओला असतानाच बारीक कंगवा फिरवा.