अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या सेंट्रालिया गावचा जुना हायवे (रूट ६१) बंद का केला?

जमिनीखाली कोळशाला लागलेल्या आगीमुळे. १९६२ च्या मे महिन्यात गावाजवळच्या जुन्या खाणीच्या खड्ड्यात कचरा जाळला आणि तिथून आग खालच्या कोळशात शिरली असं बहुतेक जण मानतात (नक्की कारणावर अजून वाद आहे), आणि ती अजूनही धुमसतेय. गावाच्या दक्षिणेला रस्ता खचायला लागला, भेगांमधून वाफ नि धूर यायचा, किती वेळा डागडुजी केली तरी टिकेना, म्हणून १९९३ ला साधारण सव्वा किलोमीटरचा तुकडा कायमचा बंद केला. तोपर्यंत गावही जवळपास रिकामं झालेलं, कारण १९८४ मध्ये सरकारने लोकांना हलवायला ४ कोटी २० लाख डॉलर मंजूर केले होते. नंतर पोरांनी तो तुकडा स्प्रेने रंगवून काढला, म्हणून 'ग्राफिटी हायवे', आणि शेवटी एप्रिल २०२० मध्ये, लॉकडाऊन असूनही लोक येतच राहिले तेव्हा, जागेच्या खासगी मालकाने ट्रकच्या ट्रक माती ओतून तो बुजवला.

फक्त एक, रूट ६१ पूर्ण बंद नाहीये हां, वाहतूक बाजूच्या रस्त्याने वळवलीय, त्यामुळे मॅपवर तो नंबर अजून दिसतो.