अंजिराचे झाड आणि नववीचा निकाल

सलाम, ताई.

आपण विचारले आहे की, नुकत्याच एका ख्रिस्ती शाळेत रुजू झालेल्या शिक्षिकेने मुलांमध्ये चिकाटी यावी आणि माणूस म्हणून त्यांची वाढ व्हावी यासाठी परिपाठात व वर्गात काय करावे. परिपाठासाठी वचने, बोधकथा आणि भजने आपल्या शाळेतील ज्येष्ठ शिक्षक माझ्यापेक्षा चांगली सुचवतील. मी अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील एका ख्रिस्ती संस्थेच्या मराठी शाळेत एकतीस वर्षे गणित शिकवले, आणि माझे ठाम मत असे झाले आहे की, एखादी ख्रिस्ती शाळा चिकाटीला किती मानते हे एप्रिल महिन्यात नववीच्या निकालाच्या बैठकीत कळते. आपला प्रश्न वाचून मला 2005 सालची तशीच एक बैठक आठवली, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

आमच्या शाळेच्या सभागृहाच्या भिंतीवर बायबलमधील रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या पाचव्या अध्यायातील वचन मोठ्या अक्षरांत रंगवलेले होते: संकटातून धीर, धीरातून शील आणि शीलातून आशा. फाटकाजवळ दुसरा एक फलक होता आणि त्यावर दहावीचा निकाल सलग काही वर्षे शंभर टक्के असल्याचे लिहिलेले होते. त्या एप्रिलमध्ये मुख्याध्यापकांनी नववीतल्या नऊ मुलामुलींची नावे वाचली. या नऊ जणांच्या पालकांना बोलावून शाळा सोडल्याचा दाखला घेण्यास सुचवावे आणि ज्यांना शिकायचेच असेल त्यांनी 17 नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसावे, असा प्रस्ताव होता. नववीची ही चाळणी बहुतेक शाळांत होत असे, त्यामुळे कोणाला त्यात वावगे वाटले नाही. माझ्या विषयातच त्यांतले बहुतेक जण अडकले होते, म्हणून मला बोलावे लागले.

त्या नऊ जणांत वसतिगृहात राहणारा एक मुलगा होता. त्याचे आईवडील ऊसतोडीला जात, आणि सहावीपर्यंत तोही दिवाळीनंतर त्यांच्याबरोबर जाऊन उन्हाळ्यात परतत असे. म्हणजे दर वर्षी शाळेचे निम्मे वर्ष त्याने कारखान्याच्या तळावर काढले होते. बैठकीला जाताना मी त्याची वार्षिक परीक्षेची उत्तरपत्रिका बरोबर नेली होती. बीजगणितात त्याला 11 गुण होते, परंतु त्याने एकही प्रश्न कोरा सोडलेला नव्हता. ज्या मुलाला काहीच येत नाही तो शेवटच्या तासाला पेन खाली ठेवतो. हा मुलगा तीन तास चुकीच्या वाटेने चालत राहिला होता. माझ्या दृष्टीने त्याच्यात चिकाटी होतीच, त्याला वाट दाखवणारे कोणी मिळाले नव्हते.

मी लूकच्या शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायातील अंजिराच्या झाडाचा दाखला बैठकीत वाचून दाखवला. तीन वर्षे फळ न आल्याने मालक झाड तोडायला सांगतो, आणि माळी विनंती करतो की यंदाचे वर्ष ते राहू द्यावे, तो भोवती खणून खत घालील. मुख्याध्यापकांनी शांतपणे उत्तर दिले की, बाई, वर्षानंतर त्या झाडाला फळ आले की नाही हे त्या दाखल्यात सांगितलेले नाही. ते म्हणाले ते खरेच होते आणि त्या क्षणी मला उत्तर सुचले नाही. शेवटी माझ्या आग्रहावरून त्या एका मुलाची जूनमध्ये पुन्हा परीक्षा घ्यावी असे ठरले, आणि बाकीच्या आठ जणांना दाखले देण्यात आले.

वसतिगृहात संध्याकाळच्या उपासनेनंतर मी त्याला रोज चाळीस मिनिटे घेऊन बसू लागले. पहिल्या आठवड्यात आम्ही नववीचे पुस्तक उघडलेच नाही. त्याचे अपूर्णांक पाचवीतच राहून गेले होते, म्हणून तिथूनच सुरुवात केली. मी त्याचा खोडरबर काढून घेतला आणि त्याला एक वेगळी वही दिली, जिला आम्ही चुकांची वही म्हणत असू. चुकलेले गणित जसेच्या तसे त्या वहीत उतरवायचे, कोणत्या पायरीवर चुकले ते शेजारी स्वतःच्या शब्दांत लिहायचे आणि आठ दिवसांनी तेच गणित न पाहता पुन्हा सोडवायचे, एवढाच नियम होता. तीन आठवड्यांनी वहीत 17 चुका जमल्यावर मी त्याला त्या सर्व एकदम वाचायला लावल्या. बराच वेळ पाने उलटल्यावर तो म्हणाला, ‘बाई, यातल्या 11 चुका एकच आहेत.’ उणे तीन वजा पाच याचे उत्तर तो वर्षानुवर्षे अधिक आठ लिहीत आला होता, कारण ‘वजा वजा अधिक’ हे त्याने पाठ केले होते आणि तो नियम गुणाकाराचा आहे हे त्याला कोणी सांगितले नव्हते. त्या संध्याकाळी त्याच्या चेहऱ्यावर जे दिसले त्यालाच मी व्यक्तिमत्त्वाची वाढ म्हणते, कारण आपण मुळात मठ्ठ आहोत असे मानणाऱ्या मुलाला प्रथमच कळले होते की, आपल्याला फक्त एक गोष्ट चुकीची ठाऊक आहे.

तो जूनची परीक्षा उत्तीर्ण झाला. मार्च 2006 मध्ये आमच्या शाळेतून 34 मुले दहावीला बसली आणि त्यांपैकी तो एकटा, गणितात 9 गुण कमी पडून, अनुत्तीर्ण झाला. शाळेचा निकाल 97 टक्क्यांवर आला, फाटकाजवळच्या फलकावर त्या वर्षाची नोंद कोणी केली नाही, आणि जूनच्या पहिल्या शिक्षकसभेत माझे नाव घेऊन हे सर्वांसमोर सांगण्यात आले. मी गप्प बसले, कारण आकडा त्यांच्या बाजूचा होता. त्याच आठवड्यात तो मुलगा गावाहून एस.टी.ने आला आणि त्याने चुकांची वही मागितली. त्याला ऑक्टोबरच्या परीक्षेला बसायचे होते. तो बसला आणि उत्तीर्ण झाला. पुढे आयटीआयमध्ये वीजतंत्रीचा अभ्यासक्रम करून आज तो स्वतःच्या पायावर उभा आहे. मार्चमध्ये नापास होऊनही जूनमध्ये वही मागायला येणे, यापेक्षा चिकाटीचा दुसरा पुरावा मला कोणी द्यावा अशी माझी अपेक्षा नाही. मुख्याध्यापकांना तेव्हा न देता आलेले उत्तरही मला आता सापडले आहे: वर्षानंतर काय झाले हे प्रभूने सांगितले नाही, कारण खणणे आणि खत घालणे हे माळ्याचे काम आहे, आणि फळाची खात्री असली तरच ते करावे अशी अट त्या दाखल्यात कोठेही नाही. आपल्या भाषेत शास्त्रातल्या त्या गोष्टीला आणि शाळेतून काढून देताना हाती ठेवलेल्या कागदाला ‘दाखला’ हा एकच शब्द आहे, याचे मला त्या दिवसापासून फार वाईट वाटत आले आहे.

आता आपल्या प्रश्नाकडे येते. परिपाठात चिकाटीवर प्रवचन देऊ नये. ज्या मुलाचे काही चुकले आणि नंतर जमले, त्याला ते दोन मिनिटांत सांगू द्यावे. मुलांना हातांनी करायचे असे काम द्यावे ज्यात चूक लगेच दिसते आणि लगेच सुधारता येते. पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये दुष्काळातून आलेल्या मुलींना विणकाम, शेती आणि छपाई शिकवली, आणि मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून त्यांनी स्वतः केलेल्या मराठी बायबलचे खिळे, म्हणजे छपाईची धातूची सुटी अक्षरे, मुक्तीमधल्या स्त्रियांनीच जुळवले. खिळे जुळवणाऱ्याला अक्षरे उलटी वाचावी लागतात, मुद्रितात चूक निघाली की खिळा काढून दुसरा बसवावा लागतो, आणि पुन्हा छाप काढून पाहावा लागतो. रमाबाईंचे चरित्र आपण परिपाठात अवश्य सांगावे, मात्र त्यांच्या आयुष्यातील संकटांबरोबर या छापखान्याचीही माहिती द्यावी. ख्रिस्ती शाळेजवळ इतर शाळांहून वेगळे असे एकच आहे, आणि ते म्हणजे कृपा: योग्यता सिद्ध होण्याआधी माणसाला स्वीकारणे. नापास झालेल्या मुलाशी दुसऱ्या दिवशी आपण कोणत्या स्वरात बोलतो यावरून त्याला ती कळते.

काही गोष्टी स्पष्ट कराव्या लागतील. वर्ग पुन्हा करणे नेहमीच वाईट असते असे मी म्हणत नाही. आजारपणाने वर्ष बुडालेल्या मुलांना त्याचा लाभ झालेला मी पाहिला आहे, परंतु ती मुले त्याच शाळेत राहिली होती. कितीही मेहनत घेऊन अक्षरे आणि अंक उलटसुलट होत असतील, तर मुलाला चिकाटीचे धडे देऊ नयेत आणि अध्ययन अक्षमतेची तपासणी करून घ्यावी. प्रमाणपत्र मिळाल्यास मंडळाकडून जादा वेळ व इतर सवलती मिळतात. आपल्या वर्गात हिंदू, बौद्ध आणि मुस्लीम मुलेही असतील. शासनमान्य किंवा अनुदानित शाळेत पालकांच्या संमतीशिवाय कोणत्याही मुलाला धार्मिक शिक्षणात किंवा उपासनेत सहभागी करता येत नाही, असे राज्यघटनेचे कलम 28 सांगते. म्हणून मी सांगितलेल्या गोष्टी वचनाशिवायही करता याव्यात अशाच आहेत. शिक्षण हक्क कायद्यात 2019 साली झालेल्या दुरुस्तीनुसार पाचवी आणि आठवीत अनुत्तीर्ण झालेल्या मुलाला जादा शिकवणी देऊन दोन महिन्यांच्या आत पुन्हा परीक्षेची संधी द्यावी लागते. मी 2005 मध्ये जे एका मुलासाठी मागितले तेच आज कायदा त्या दोन वर्गांसाठी सांगतो. नववीला मात्र ते संरक्षण नाही.

त्या आठ जणांपैकी एका मुलीचे त्याच मे महिन्यात लग्न लावून दिले गेले. तिचे अक्षर सुरेख होते आणि भूमितीच्या आकृत्या ती माझ्यापेक्षा नीट काढत असे. आपल्या शाळेत एप्रिलमध्ये अशी यादी वाचली जाणार असेल, तर त्यातल्या प्रत्येक मुलाची उत्तरपत्रिका बैठकीला घेऊन जा. मी एकच नेली होती.