वाचकांचे प्रश्न : ‘इंग्लिश आलं की वाचनही येईल’ असं शाळा म्हणतेय, थांबू का?

प्रश्न : ताई नमस्कार, आम्ही १४ महिन्यांपूर्वी नाशिकहून न्यू जर्सीला आलो. मुलगा ९ वर्षांचा आहे, इथे तिसरीत, नाशिकला मराठी माध्यमात दोन वर्षं काढली. ईएसएलच्या (इंग्लिश नवीन असलेल्या मुलांच्या) तासाला जातो, बोलणं छान जमायला लागलंय पण वाचन काही पुढे सरकत नाही आणि आता राज्याची परीक्षा तोंडावर आलीय. टीचर म्हणतात नवीन भाषा आहे, वेळ द्या. पण मला आठवतं, नाशिकलाही तो ‘कमल’ला ‘कलम’ वाचायचा आणि जोडाक्षर आलं की पुस्तकच मिटायचा. परवा गणितात डाइम आणि क्वार्टरचं उदाहरण होतं, सगळं चुकला, मी तेच मराठीत सांगितलं तर तोंडी उत्तर दिलं. मिस्टर म्हणतात स्पेशल एडचा, म्हणजे विशेष शिक्षणाचा शिक्का नको. सासूबाई म्हणतात आळशी आहे. काय करू?

उत्तर : तुमच्या पत्रातलं ते कमल-कलम मी तीनदा वाचलं. डिस्लेक्सिया, म्हणजे अक्षरं-शब्द वाचण्यातली अडचण, आहे की नाही हे पत्रावरून मी सांगणार नाही, ते तपासणाऱ्यांचं काम, पण एवढं नक्की सांगते की थांबू नका. अडचण फक्त इंग्लिशची असती तर मराठी वाचताना ती दिसली नसती, आणि तुम्हाला तर ती नाशिकलाच दिसली होती.

गणिताचं उदाहरण मात्र वेगळं आहे. ज्या पोराने आयुष्यभर रुपये बघितले त्याला डाइम म्हणजे १० सेंट आणि क्वार्टर म्हणजे २५ सेंट हे कुणी सांगितलं नाही तर तो काय करणार, तिथे त्याचं गणित तपासलंच गेलं नाही. म्हणजे तुमच्या मुलाच्या दोन अडचणी असू शकतात, एक भाषेची आणि एक वाचनाची, आणि शाळेत बऱ्याचदा भाषेच्या अडचणीमागे वाचनाची लपून राहते.

आता काम. शाळेला लेखी कळवा की मुलाचं स्पेशल एज्युकेशनसाठी मूल्यमापन हवंय, शाळा घेत असेल तर ईमेलही चालेल, तारीख दिसली पाहिजे, कॉरिडॉरमध्ये टीचरशी बोललात ते यात धरलं जात नाही. न्यू जर्सीत लेखी विनंतीनंतर २० दिवसांत, मधल्या सुट्ट्या सोडून, शाळेला मीटिंग घ्यावी लागते. तुम्ही संमतीची सही केलीत की तिथून ९० दिवसांत तपासणी, निर्णय आणि पात्र ठरला तर आयईपी, म्हणजे त्याच्यापुरता लेखी शिक्षण-आराखडा, सुरू, असा नियम आहे. आयडीईए या अपंग मुलांच्या शिक्षणाच्या अमेरिकन कायद्याप्रमाणे तपासणी मुलाच्या भाषेत करायची असते, अगदी शक्यच नसेल तर गोष्ट वेगळी, म्हणून पहिल्याच पत्रात ‘मराठीतूनही तपासा’ असं लिहा. नाशिकच्या वह्या असतील तर त्या घेऊन जा, मराठीतल्या चुका तिथे कुणाला वाचता येणार नाहीत म्हणून दोन पानांवर पेन्सिलने अर्थ लिहून द्या. तुम्हाला दुभाषा लागला तर तोही मागता येतो.

कायदा दोन्ही बाजूंनी बघतो. निव्वळ इंग्लिश कच्चं आहे म्हणून मुलाला अक्षम ठरवता येत नाही, आणि ईएसएलमध्ये आहे म्हणून तपासणी टाळणंही बरोबर नाही. १९७४ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने सॅन फ्रान्सिस्कोच्या चिनी मुलांच्या खटल्यात, लाउ विरुद्ध निकोल्स, हेच सांगितलं होतं की सगळ्यांना तीच पुस्तकं आणि तेच मास्तर दिले म्हणून शिक्षण समान होत नाही, मुलाला भाषाच कळत नसेल तर.

परीक्षेचं सांगते. देशात आल्यापासून पहिल्या १२ महिन्यांत इंग्लिशच्या पेपरातून एकदा सूट देता येते पण तुम्हाला १४ महिने झालेत, ती वेळ गेली. ईएसएलच्या मुलाला जादा वेळ, सूचना त्याच्या भाषेत समजावून सांगणं, शब्दाला शब्द देणारी डिक्शनरी असं मिळू शकतं आणि त्यासाठी मूल्यमापनाची वाट बघायची नसते, आजच विचारा. पण बघा, ज्याला मराठी अक्षरंच अडखळत वाचता येतात त्याच्या हातात मराठी डिक्शनरी देऊन काय होणार? म्हणून मी म्हणते दोन्ही बाजू तपासून घ्या. वाचनाची अडचण असेल तर त्याला गणिताचा पेपर वाचून दाखवणं, वेगळी खोली, मध्ये ब्रेक असं लागेल. वाचनाच्या पेपरात उतारा वाचून दाखवणं सहसा मिळत नाही कारण तिथे वाचनच तपासायचं असतं, यावर भांडू नका. आणि जे ठरेल ते आयईपीत किंवा ५०४ प्लॅनमध्ये (आयईपी नसला तरी मिळू शकणाऱ्या सवलतींचा लेखी आराखडा) लिहून घ्या, वर्गातही रोज वापरायला लावा, परीक्षेच्या दिवशी पेपर ऐकायला पहिल्यांदाच हेडफोन लावलेलं मूल गोंधळून जातं.

शिक्क्याचं मिस्टरांना सांगा की आयईपी गोपनीय असतो. पुढे एसएटीला, म्हणजे कॉलेज प्रवेशाच्या परीक्षेला, जादा वेळ घेतला तरी २००३ पासून मार्कांवर तशी खूण येत नाही. शिक्का तर घरात बसलाच आहे, ‘आळशी’ म्हणून, आणि तो त्याला रोज ऐकू येतो. आधी तो काढा, प्लीज.

प्रश्न : मी सातारा जिल्ह्यात दहावीला शिकवतो. एका विद्यार्थ्याला हाताच्या अपंगत्वामुळे लेखनिक मिळालाय. बाकी पालक म्हणतात याला जादा वेळ म्हणजे आमच्या मुलांवर अन्याय. काय सांगू?

उत्तर : सर, सांगा की लेखनिकाला तोंडाने सांगून पेपर लिहायला कुणीही एकदा बसून बघावं. केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे तासाला किमान २० मिनिटं जादा, म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास, आणि तो बोलणं, ऐकणं, लिहिणं, परत वाचून घेणं यातच जातो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात हा हक्क आहे. फेब्रुवारी २०२१ मध्ये विकास कुमार यांच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने तर ४० टक्के अपंगत्वाचं प्रमाणपत्र नसलेल्यालाही लेखनिक नाकारता येणार नाही असं म्हटलं, विकास कुमार यांना लिहिताना हात आखडण्याचा त्रास होता.

तुमच्या हातात एक मोठी गोष्ट आहे, सराव. स्वतःचा लेखनिक आणला तर तो खालच्या इयत्तेतला लागतो, म्हणजे दहावीची भूमिती त्याने शिकलेलीच नसते. ‘वर्तुळाला बाहेरच्या बिंदूतून स्पर्शिका काढ’ म्हटल्यावर नववीतलं पोर कंपास हातात धरून नुसतं बघत बसतं. दोघांना आत्तापासून आठवड्यातून दोनदा एकत्र बसवा, घड्याळ लावून, आणि आकृती पायरीपायरीने तोंडी सांगायला शिकवा : आधी केंद्र, मग त्रिज्या, मग बिंदूला नाव.