टीव्हीसाठी हेडफोन घेताय? आधी टीव्हीची पाठ बघा

या वेळी आलेल्या पत्रांत टीव्ही आणि हेडफोन यांच्याविषयीचे प्रश्न बरेच आहेत. बहुतेकांनी आधी हेडफोन आणला आणि मग तो जोडायचा कुठे हे शोधलं. खरेदीला निघण्यापूर्वी टीव्हीच्या मागच्या बाजूचा, सगळी भोकं दिसतील असा, मोबाइलवर फोटो काढून ठेवा. कोणता हेडफोन घ्यायचा याचं निम्मं उत्तर त्या फोटोतच असतं.

प्रश्न : सासरे रात्री साडेअकरापर्यंत बातम्या बघतात आणि मुलगी दहावीला आहे, म्हणून ब्लूटूथ हेडफोन आणला. तो टीव्हीला लगेच जोडला गेला, पण निवेदिकेचे ओठ आधी हलतात आणि शब्द मागून येतात. हेडफोन बदलून घ्यावा का? (फोंडा)

तुमच्या हेडफोनमध्ये दोष नाही. त्याच जातीचा दुसरा आणलात तरी हेच होईल. ब्लूटूथवर आवाज जातो तो दाबून, लहान करून, तुकड्या-तुकड्यांनी. हेडफोन ते तुकडे थोडे साठवतो, उलगडतो आणि मग वाजवतो. एसबीसी या आवाज दाबण्याच्या सगळ्यात साध्या पद्धतीत यात साधारण १५० ते २५० मिलिसेकंद जातात. आवाज चित्राच्या मागे १२५ मिलिसेकंदांच्या आसपास पडला की माणसाला ते जाणवू लागतं, असं आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची शिफारस सांगते. आवाज पुढे गेला तर ४५ मिलिसेकंदही खुपतात. लांबच्या फटाक्याचा उजेड आधी आणि आवाज मागून, याची आपल्याला सवय आहे. उलट क्रम मात्र सहन होत नाही.

किती फरक पडतोय ते बघायला भजनाचा कार्यक्रम लावा. टाळ एकमेकांवर आपटतात त्या क्षणाकडे बघा. टाळ वेगळे होऊ लागल्यावर नाद कानी आला, तर उशीर नक्की आहे.

टीव्हीच्या सेटिंगमधल्या ‘ऑडिओ डिले’ने हे सुटेल असं वाटतं, पण बहुतेक टीव्हींत ते आवाजाला आणखी मागे ढकलतं, पुढे ओढत नाही. चित्र थांबवून धरण्याची सोय थोड्याच टीव्हींत असते. टीव्हीच्या आतल्या यूट्यूबसारख्या ॲपवर सगळं जुळतं आणि सेट-टॉप बॉक्सवर जुळत नाही, असंही होतं. ॲपला हेडफोनचा उशीर कळला तर ते चित्र तेवढं थांबवतं. बॉक्सकडून येणाऱ्या थेट चित्राला कोणी थांबवत नाही.

मार्ग तीन. सगळ्यात स्वस्त आणि बिनचूक मार्ग तारेचा. टीव्हीला ३.५ मिमीचा हेडफोन जॅक असेल तर ३२ ओहमच्या आसपासचा साधा हेडफोन आणि ३ ते ५ मीटरची वाढीव तार पुरते. उशीर शून्य. तार मात्र भिंतीच्या कडेने न्या. रात्री उठताना वयस्कर माणसाच्या पायात ती येता कामा नये.

दुसरा मार्ग वेगळ्या ब्लूटूथ ट्रान्समीटरचा, म्हणजे टीव्हीला जोडून आवाज पाठवणाऱ्या डबीचा. तिच्यात ‘ॲपटीएक्स लो लेटन्सी’ ही कमी उशिराची पद्धत असेल तर उशीर सुमारे ४० मिलिसेकंदांवर येतो, पण ती सोय ट्रान्समीटर आणि हेडफोन दोन्हींत हवी. एकातच असेल तर दोघं गुपचूप एसबीसीवर उतरतात. खोक्यावरच्या ‘ब्लूटूथ ५.३’ या आकड्याला भुलू नका. त्यावरून उशीर किती ते कळत नाही. घेताना वस्तू ट्रान्समीटरच आहे ना तेही बघा, कारण तशीच दिसणारी रिसीव्हरची, म्हणजे आवाज घेणारी, डबी शेजारीच ठेवलेली असते. दोन्ही कामं करणारी असेल तर तिच्यावरचं बटण ‘टीएक्स’वर, म्हणजे पाठवण्यावर हवं.

तिसरा मार्ग ब्लूटूथऐवजी स्वतःच्या वेगळ्या रेडिओ जोडणीवर चालणारा, स्वतःच्या स्टँडसह येणारा टीव्हीचा हेडफोन. महाग पडतो, पण सासऱ्यांसाठी आमची पसंती यालाच. डोक्यावर घातला की ऐकू येतो, स्टँडवर ठेवला की चार्ज होतो. जोडणी शोधा, यादीतून नाव निवडा, ही रोजची कटकट नाही. वजन २५० ग्रॅमच्या आत असेल असं बघा. बातम्यांपासून मालिकेपर्यंत दोन-तीन तास मानेवर तेच वजन असतं.

प्रश्न : टीव्हीला हेडफोन जॅक नाही. दुकानदाराने ऑप्टिकलचा छोटा कन्व्हर्टर दिला. काही चॅनेलवर आवाज येतो, काहींवर एकदम गप्प, तर कधी नुसती खरखर. (डिचोली)

ऑप्टिकल म्हणजे उजेडातून आवाज नेणारी तार. टीव्ही त्या तारेतून कधी पीसीएम, म्हणजे न दाबलेला साधा डिजिटल आवाज पाठवतो, कधी डॉल्बी, म्हणजे दाबलेला. स्वस्त कन्व्हर्टरला फक्त पीसीएम उलगडता येतं. सेटिंग, साउंड, डिजिटल आउटपुट असं जाऊन ‘ऑटो’च्या जागी ‘पीसीएम’ करा. सेट-टॉप बॉक्सच्या ऑडिओ सेटिंगमध्येही डॉल्बी असेल तर स्टीरिओ किंवा पीसीएम निवडा. एवढ्याने बहुतेक वेळा काम होतं. तरी गप्पच असेल तर तारेच्या टोकांवरची पारदर्शक प्लॅस्टिकची टोपी काढली होती का ते बघा. ती राहून गेली तर तार धड बसत नाही. दुसऱ्या टोकाला लाल उजेड दिसला म्हणजे तार ठीक आहे. ती कुठेही काटकोनात दुमडू नका.

ऑप्टिकलवर टीव्हीच्या रिमोटने आवाज बहुधा कमी-जास्त होत नाही. त्यामुळे आवाजाचं स्वतःचं चक्र असलेला कन्व्हर्टर किंवा तशी सोय असलेला हेडफोन हवा.

आणि एक. सेट-टॉप बॉक्सच्या मागे ‘एव्ही’ लिहिलेलं ३.५ मिमीचं भोक असतं, त्यात हेडफोन खोचू नका. त्यातल्या चार जोडांपैकी एकातून चित्राचा सिग्नल जातो आणि कानात घुंईऽऽ ऐकू येतं.

प्रश्न : मोबाइलचा तारेचा इअरफोन टीव्हीला लावला. मागचं संगीत छान येतं, पण बोलणं जवळजवळ गायब. (साखळी)

पिन पूर्ण आत गेलेली नाही, किंवा माइक असलेल्या चार जोडांच्या पिनेचा जमिनीचा, म्हणजे ‘ग्राउंड’चा, जोड टीव्हीच्या जॅकमध्ये जुळत नाही. तसं झालं की डाव्या-उजव्या आवाजातला फक्त फरक कानी येतो. संवाद दोन्हीकडे सारखा असतो, म्हणून तोच वजा होतो. पिन टक् आवाज येईपर्यंत दाबा. नाही जमलं तर बिनमाइकचा, पिनेवर दोनच काळ्या पट्ट्या असलेला हेडफोन लावा.

प्रश्न : जुनं चिऱ्याचं घर आहे. हेडफोन घालून बाल्कांवात (दारापुढच्या ओसरीत) किंवा स्वयंपाकघरात गेलं की आवाज तुटतो. पावसात जास्तच. (पेडणे)

पावसात जास्त तुटतो हे तुमचं निरीक्षण बरोबर आहे. जाड चिऱ्याची भिंत ब्लूटूथच्या २.४ गिगाहर्ट्झच्या लहरींना मुळातच जड जाते. चिरा सच्छिद्र, पाणी पितो. आणि ओली भिंत त्या लहरी आणखी शोषते. साध्या ब्लूटूथची १० मीटरची मजल मोकळ्या जागेतली आहे हे लक्षात ठेवा.

ट्रान्समीटर टीव्हीच्या पाठीमागे लपलेला असेल तर टीव्हीचा पत्राच आड येतो. एक मीटरची यूएसबी वाढीव तार घेऊन तो टीव्हीच्या बाजूला, दाराच्या रेषेत आणा. शेजारच्या यूएसबीत पेनड्राइव्ह किंवा हार्डडिस्क असेल तर तीही दूर करा, कारण काही यूएसबी उपकरणं याच पट्ट्यात गोंगाट करतात. वायफाय राउटर शक्य असेल तर ५ गिगाहर्ट्झवर न्या. दोन भिंती मध्ये असतील तर एवढं करूनही खात्री देता येत नाही.

प्रश्न : आई श्रवणयंत्र लावते. त्यावर हेडफोन घातला की शिट्टी वाजते. यंत्र काढून नुसता हेडफोन द्यावा का? (मडगाव)

यंत्रातून निघालेला आवाज हेडफोनच्या कपावर आपटून परत यंत्राच्या माइकमध्ये जातो, म्हणून शिट्टी. कानावर टेकणारा छोटा कप काढा. कानामागचं यंत्रही आत मावेल असा मोठा, खोल, कानाभोवती बसणारा हेडफोन घेऊन बघा, आणि तो विकत घेण्यापूर्वी आईंच्या कानावर लावूनच बघा. त्याहून चांगला उपाय म्हणजे त्याच यंत्राच्या कंपनीचा टीव्हीला जोडायचा स्ट्रीमर. तो आवाज थेट यंत्रात पाठवतो, आणि यंत्र आईंच्या कानाच्या मोजणीप्रमाणे आधीच बसवलेलं असतं. यंत्रात टेलिकॉइल, म्हणजे चुंबकीय लहरींतून आवाज घेणारी तारेची गुंडाळी, असेल तर गळ्यात घालायचा लूपही चालतो.

यंत्र काढून हेडफोनचा आवाज चढवणं हा कायमचा उपाय करू नका. वयानुसार कमी होतं ते बहुधा वरच्या पट्टीतलं ऐकणं. स, श, फ, ख निसटतात, म्हणून ‘आवाज येतो पण शब्द कळत नाही’. सगळाच आवाज वाढवला तर ढोलकी कानठळ्या बसवते आणि शब्द तिथेच राहतो. टीव्हीत संवाद स्पष्ट करणारा मोड असेल तो लावा आणि बास कमी करा. एकाच कानाने ऐकू येत असेल तर ‘मोनो’ करा, म्हणजे दोन्ही बाजूंचा आवाज त्या एका कानात येईल. मोठ्या माणसांसाठी आठवड्याला ४० तास ८० डेसिबल ही जागतिक आरोग्य संघटनेची सुरक्षित मर्यादा आहे. मुलांसाठी ती ७५ आहे. आणि कोणाचंही ऐकणं एका कानाने एक-दोन दिवसांत अचानक कमी झालं, तर हेडफोन-यंत्र बाजूला ठेवून त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञ गाठा. अशा वेळी उपचारासाठी एकेक दिवस महत्त्वाचा असतो.

प्रश्न : दोघांना एकाच वेळी ऐकायचं आहे. (म्हापसा)

दोन हेडफोन जोडणारा ट्रान्समीटर घ्या. दोन्ही जोडल्यावर कमी उशिराची सोय टिकते का, ते दुकानातच चालवून बघा; काहींत ती सुटते. तारेवर असाल तर दहा-वीस सेंटिमीटरचा ‘वाय’ स्प्लिटर पुरतो. आवाज थोडा उतरतो, एवढंच.

प्रश्न : दोन पावसाळ्यांत हेडफोनच्या गाद्यांची काळी सालपटं निघू लागली. कानाला, उशीला चिकटतात. (वास्को)

त्या गाद्यांवरचं कृत्रिम चामडं पॉलियुरेथेनचं असतं आणि दमट हवेत ते हळूहळू विघटित होतं. कितीही पुसलं तरी ते थांबत नाही. नवा हेडफोन घेण्याची गरज नाही, गाद्या वेगळ्या मिळतात. जुन्या गादीची बाहेरची लांबी-रुंदी मिलिमीटरमध्ये मोजा आणि कापडी किंवा मखमली गादी मागा. आपल्याकडच्या घामातही कापडच बरं. वापरल्यावर कोरड्या फडक्याने पुसून हेडफोन उघड्यावर ठेवा. प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंडला तर बुरशी येते. जून ते सप्टेंबर न वापरता ठेवायचा असेल तर डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत. खाऱ्या हवेने पिन हिरवट पडली आणि करकर येऊ लागली, तर कापसाला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पिन पुसा, वाळू द्या आणि जॅकमध्ये चार-पाच वेळा आत-बाहेर करा.