मोबाईलचा व्हिडिओ लॅपटॉपवर अडकतोय, रॅम वाढवू का?

प्रश्न : नमस्कार सर, माझ्याकडे २०१४ चा लॅपटॉप आहे, चौथ्या जनरेशनचा आय फाईव्ह, ८ जीबी रॅम, विंडोज १०. आतापर्यंत एचडी पिक्चर एकदम मस्त चालायचे पण नवीन मोबाईल घेतल्यापासून त्यावर काढलेले व्हिडिओ लॅपटॉपवर लावले की आवाज नीट येतो आणि चित्र मात्र दर दोन सेकंदाला अडकतं, पंखा पण जोरात सुरू होतो. एकजण म्हणाला रॅम १६ कर, दुसरा म्हणाला कोडेक पॅक टाक. काय करू?

उत्तर : आधी एक सांगतो, रॅमवर पैसे घालू नका. व्हिडिओ बघायला ८ जीबी भरपूर झाली. जुने पिक्चर नीट चालतात आणि फक्त मोबाईलचेच व्हिडिओ अडकतात असं तुम्हीच लिहिलंय ना, मग दोन फायलींमध्ये फरक काय ते बघायला पाहिजे.

व्हीएलसी या फुकट व्हिडिओ प्लेअरमध्ये तो अडकणारा व्हिडिओ लावा आणि कंट्रोल जे दाबा. खिडकी उघडेल त्यात कोडेकसमोर, म्हणजे व्हिडिओ दाबून साठवायच्या पद्धतीसमोर, बहुतेक एचईव्हीसी किंवा एच.२६५ दिसेल, आणि जुना पिक्चर लावून बघितलात तर तिथे एच.२६४ असेल. सगळी गोम इथेच आहे. असा दाबलेला एच.२६४ व्हिडिओ उलगडायला तुमच्या प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सच्या भागात वेगळं सर्किट दिलेलं आहे, त्यामुळे मुख्य प्रोसेसरला फारसं कामच पडत नाही. एचईव्हीसी हा प्रकार २०१३ मध्ये ठरला, आणि त्याचं पूर्ण सर्किट इंटेलने सहाव्या जनरेशनपासून, म्हणजे २०१५ पासून द्यायला सुरुवात केली, तुमचा त्याच्या आधीचा आहे. म्हणून सगळा भार प्रोसेसरवर येतो, तो तापतो, पंखा ओरडतो, आणि तरीही वेळेत फ्रेम, म्हणजे व्हिडिओतलं एकेक चित्र, तयार झाली नाही की प्लेअर ती सोडून देतो, तेच तुम्हाला अडकल्यासारखं दिसतं. आवाज उलगडायला फारच हलका असतो म्हणून तो नीट येतो. कोडेक पॅक म्हणजे व्हिडिओ उलगडणाऱ्या सॉफ्टवेअरचा गठ्ठा, तो टाकून नसलेलं सर्किट येणार नाही, उलट नीट चालणारे व्हिडिओ बिघडायचे, तेव्हा तो नकोच.

दुसरं म्हणजे मोबाईलच्या कॅमेऱ्यात फोरके आणि ६० एफपीएस (सेकंदाला ६० फ्रेम) चालू आहे का बघा. १०८० च्या ३० एफपीएस व्हिडिओपेक्षा त्यात दर सेकंदाला आठपट पिक्सेल असतात हो, चारपट मोठं चित्र आणि दुप्पट फ्रेम! आणि २०१४ च्या बऱ्याच लॅपटॉपचा स्क्रीन १३६६ बाय ७६८ चाच आहे, तुमचाही तोच असेल तर एवढं सगळं उलगडून शेवटी ते बारीक करूनच दाखवलं जातं.

खात्री करायची असेल तर व्हिडिओ चालू असताना टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये सीपीयू ९०-१०० टक्क्यांना भिडलेला आणि जीपीयूमधला (ग्राफिक्सच्या भागातला) व्हिडिओ डिकोडचा, म्हणजे उलगडण्याचा, आलेख जवळपास सपाट दिसला की समजा मी सांगतोय तेच आहे. सीपीयू निवांत असूनही अडकत असेल तर मात्र फाईल मोबाईलमधून केबलने किंवा स्वस्तातल्या पेनड्राईव्हवरून थेट लावली नाही ना ते बघा, आधी लॅपटॉपवर कॉपी करून घ्या. चार्जर लावून पण एकदा बघा, बॅटरीवर असताना बऱ्याचदा प्रोसेसरचा वेग कमी केलेला असतो.

उपाय सोपा आहे. पुढच्या शूटिंगसाठी कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये १०८०, ३० एफपीएस ठेवा आणि एचईव्हीसी किंवा हाय एफिशियन्सी असं जे काही असेल ते बंद करा, तशाच एचईव्हीसी व्हिडिओपेक्षा फाईल मोठी होईल पण लॅपटॉपवर लोण्यासारखी चालेल. आधी काढलेल्यांसाठी हँडब्रेक हे व्हिडिओचा प्रकार बदलणारं फुकट सॉफ्टवेअर घ्या, त्यात फास्ट १०८०पी३० हा प्रीसेट (तयार सेटिंग) निवडा आणि रात्री लावून झोपा, तुमच्या मशीनवर वेळ लागणार. आणि हात जोडून सांगतो, बदललेली फाईल तयार झाली म्हणून मूळ फाईल उडवू नका, बाहेरच्या हार्ड डिस्कवर जपून ठेवा. बदलताना गेलेले बारकावे परत येत नाहीत, आणि उद्या नवा लॅपटॉप घेतलात की तीच मूळ फाईल त्यावर आरामात चालेल.